जीएसटीच्या थकबाकीपोटी बँक खातं गोठलं? आधी कागद कोणता आलाय ते बघा

पगार करायला बँकेत जावं आणि काउंटरवरून कळावं, "तुमच्या खात्यावर जीएसटीचं पत्र आलंय, पैसे निघणार नाहीत." छोट्या धंद्यात चालू खातं बहुधा एकच असतं. ते गोठलं की कामगारांची मजुरी, वीजबिल, कर्जाचा हप्ता सगळं एकदम अडतं. अशा वेळी माणूस थेट जीएसटी कार्यालय गाठतो. त्याआधी बँकेकडून त्या पत्राची प्रत मागून घ्या. पुढचा सगळा रस्ता पत्रावरच्या फॉर्म क्रमांकावर ठरतो.

डीआरसी-१३ असेल तर ती जीएसटी कायद्याच्या कलम ७९ खालची वसुली आहे. म्हणजे विभागाच्या लेखी तुमची बाकी पक्की झालेली आहे आणि ती तुमच्या खात्यातून भरा, असं बँकेला सांगितलं आहे. डीआरसी-२२ असेल तर ती कलम ८३ खालची तात्पुरती जप्ती. तिथे बाकी अजून ठरलेली नसते, पैसा हलू नये म्हणून खातं अडवलेलं असतं.

आधी डीआरसी-१३ बघू, कारण छोट्या व्यापाऱ्याच्या वाट्याला बहुधा तेच येतं. करनिर्धारणाचा, म्हणजे किती कर देणं आहे हे ठरवणारा आदेश (त्याचा गोषवारा डीआरसी-०७ मध्ये येतो) मिळाल्यापासून रक्कम भरायला कलम ७८ प्रमाणे ३ महिने मिळतात. त्याआधी वसुली करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. अडचण अशी, की आदेश जीएसटी पोर्टलवर चढवला जातो आणि तोही अनेकदा 'अतिरिक्त नोटिसा व आदेश' या वेगळ्या टॅबमध्ये. तिकडे कोणी बघत नाही, ३ महिने निघून जातात आणि पहिली खबर बँकेकडून मिळते. महिन्यातून दोनदा तो टॅब उघडून बघा, एवढं मी कळकळीने सांगेन.

आदेश मान्य नसेल तर ३ महिन्यांत एपीएल-०१ या फॉर्ममध्ये अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी १ महिन्यापर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो, त्यापुढे अपील अधिकाऱ्याचेही हात बांधलेले असतात. मान्य असलेली रक्कम पूर्ण आणि वादातल्या कराच्या १० टक्के भरले की उरलेल्या रकमेची वसुली कायद्यानेच थांबते. मात्र वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याला ते आपोआप कळेल असं धरून चालू नका. अपिलाची पोच आणि चलन जोडून डीआरसी-१३ मागे घ्या, असा अर्ज द्या. नोटीस मागे घेण्याचा, बदलण्याचा किंवा मुदत वाढवून देण्याचा अधिकार त्यांना कलम ७९ मध्येच आहे.

करनिर्धारणाच्या आदेशाशिवायही वसुली होते. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात विक्री दाखवली आणि जीएसटीआर-३बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये तिचा कर भरला नाही, तर तो तुम्ही स्वतः कबूल केलेला कर ठरतो. मोठी तफावत दिसली की आधी तिची विचारणा करणारा डीआरसी-०१बी येतो. त्याला ७ दिवसांत उत्तर द्यायचं किंवा पैसे भरायचे. रिटर्नच भरलं नाही म्हणून एएसएमटी-१३ चा अंदाजी आदेश आला असेल, तर ६० दिवसांत ते रिटर्न कर-व्याजासह भरा, आदेश मागे घेतला असं मानलं जातं. त्यानंतरही ६० दिवस मिळतात, पण जादा विलंब शुल्क भरून.

हप्त्यांची सोयही आहे. डीआरसी-२० मध्ये अर्ज करायचा, जास्तीत जास्त २४ मासिक हप्ते मिळतात, व्याज चालू राहतं. रिटर्नमध्ये स्वतः दाखवलेल्या कराला ही सोय नाही, २५ हजारांखालच्या रकमेलाही नाही. आधीच्या थकबाकीची वसुली चालू असेल तरीही अर्ज नाकारला जातो. म्हणून हप्ते मागायचे ते खातं गोठण्याआधी. एक हप्ता चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते.

डीआरसी-१३ मागे घ्या किंवा मुदत द्या, अशा अर्जाला आदेशाची आणि बँकेच्या पत्राची प्रत, संबंधित महिन्यांची जीएसटीआर-१ व ३बी, चलनं, बँकेचा उतारा आणि सल्लागार जाणार असेल तर अधिकारपत्र जोडा. डीआरसी-०३ ने (स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने) पैसे भरूनही पोर्टलवर बाकी दिसत असेल, तर डीआरसी-०३ए भरून ते पैसे त्या मागणीला जोडा. ही सोय जुलै २०२४ पासून आहे. पैसे भरलेल्या माणसाचंही खातं एवढ्याशा कारणाने अडकतं. हजेरीपट आणि मजुरीचा तक्ता जरूर लावा. त्याने कायदेशीर हक्क मिळत नाही, पण मुदत मागताना त्याला वजन येतं. बँकेलाही लेखी विचारा, की नोटिशीतल्या रकमेपुरतंच अडवलंय की पूर्ण खातं? कलम ७९ बाकी भागेल एवढ्याच पैशाबद्दल बोलतं.

आता डीआरसी-२२. हा आदेश आयुक्तांनी लेखी काढायचा असतो आणि महसूल बुडेल असं वाटण्याला ठोस आधार लागतो. हा अधिकार अत्यंत कठोर आहे, तो सहज वापरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राधाकृष्ण इंडस्ट्रीज प्रकरणात एप्रिल २०२१ मध्ये बजावलं. हरकत डीआरसी-२२ए मध्ये घ्यायची आणि सुनावणी मागायची. नियमित भरलेली रिटर्न, यंत्रसामग्री आणि येणी यांची यादी दाखवली की पैसा पळवायचा हेतू नाही हे सांगता येतं. कॅश क्रेडिट खातं अडवलं असेल तर ते हरकतीत ठळक लिहा. तो पैसा बँकेच्या कर्जाचा असतो, आणि अशी जप्ती उच्च न्यायालयांनी रद्द केली आहे. एक वर्ष झालं की ही जप्ती आपोआप संपते.

हरकत मान्य झाली तर डीआरसी-२३, म्हणजे जप्ती उठवण्याचा आदेश निघतो. त्याची प्रत स्वतः शाखेत नेऊन द्या, पोच घ्या आणि खात्यावरची अडवणूक उठल्याचं लेखी मिळेपर्यंत पगाराचे धनादेश लिहू नका.