बोअर, नळी आणि साचा : जुन्या लिव्हर रायफलच्या शिशाच्या गोळीची पार्श्वभूमी

कोकणात परवान्याची बंदूक म्हणजे बहुधा ठासणीची, नाहीतर बाराची. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरतात, काजूच्या दिवसांत वानरे येतात, त्यासाठी शेतीसंरक्षणाचा परवाना लागतो, हे इथे कुणाला सांगायला नको. एखाद्या जुन्या घरात मात्र आजोबांच्या वेळची अमेरिकन लिव्हर-ॲक्शन रायफल, म्हणजे घोड्याजवळचा दांडा खालीवर करून काडतूस भरायची रायफल, निघते. तिला शिशाच्या गोळीचा साचा कोणता, असा प्रश्न निघाला की बोलणे हमखास एका शब्दावर अडते : बोअर.

हा शब्द एकच असला तरी त्याची मोजणी दोन प्रकारची आहे. बाराच्या बंदुकीतला 'बारा' इंचाचा नाही आणि मिलिमीटरचाही नाही. एक रतल शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअर. त्या नळीचा व्यास येतो सुमारे १८.५ मिमी. म्हणजे इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळाची बंदूक बाराच्या बंदुकीपेक्षा लहान. रायफलला बोअर म्हणतात तेव्हा मोजणी सरळ इंचात होते आणि आकडा वाढला की नळी रुंद होते.

गुंता इथेच संपत नाही. रायफलच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, त्यामुळे तिला दोन व्यास आहेत : खाचांच्या मधल्या उंचवट्यांवरून मोजलेला, आणि खाचांच्या तळातून मोजलेला. आपल्याकडे परवान्यांवर सर्रास दिसणारी '.३१५ बोअर' म्हणजे बरोबर ८ मिमी, पण ते माप उंचवट्यांवरचे. तिची गोळी सुमारे .३२३ इंचाची असते. परवान्यावरचा आकडा पाहून .३१५ चा साचा घेतला तर गोळी खाचांमध्ये भरणारच नाही. मागचा जळता वायू तिच्या कडेने पुढे निसटेल, शिसे वितळून नळीला चिकटेल आणि नेम जाईल. शिशाच्या गोळीला नळी गच्च भरावी लागते. तांब्याचे कवच असलेली गोळी कमीजास्त माप सहन करते, नागडे शिसे करत नाही.

मग परवान्यावर बोअरला एवढे वजन का? कारण तो शब्द नेमबाजीपेक्षा बंदोबस्ताचा झाला. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानात नागरिकांच्या .४५० च्या रायफलींवर बंदी आणली. लष्कराची काडतुसे बंडखोरांच्या हाती जातील ही धास्ती. त्यावर इंग्लंडच्या कारागिरांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली आणि शिकारीच्या रायफली पुन्हा येऊ लागल्या. 'प्रतिबंधित बोअर', म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा न मिळणारे माप, हा शब्दप्रयोग आजही कार्यालयात रोज वापरतात. परवान्यावरचा आकडा रायफल कोणत्या गटात मोडते एवढेच सांगतो. तिची नळी किती रुंद आहे हे त्यावरून समजेल असे धरून चालणे ही आपल्याकडची सर्वांत महाग पडणारी चूक आहे, असे मला ठामपणे वाटते.

अमेरिकन मापांची नावे तर आणखी फसवी. विंचेस्टर कारखान्याच्या १८७३ च्या लिव्हर रायफलीबरोबर आलेल्या .४४-४० काडतुसात ४४ हे नावापुरते माप आणि ४० म्हणजे काळ्या दारूचे ग्रेन (एक ग्रेन सुमारे ०.०६५ ग्रॅम). गोळी २०० ग्रेनची, व्यास प्रत्यक्षात .४२७ च्या आसपास. आणि जुन्या नळ्या त्याहून बऱ्याच सैल निघतात. तिचेच भावंड .३८-४० ची गोळी चक्क .४०० इंचाची. .३०-३० मधले दुसरे तीस हे धूररहित दारूचे. ठासणीच्या बंदुकीला हा त्रास नव्हता. तिचा साचा तिच्याच नळीवरून केलेला असे, बंदूक आणि साचा जोडीने नांदत. कारखान्यातून हजारोंनी रायफली बाहेर पडू लागल्यावर ही जोडी तुटली.

विंचेस्टरचाच १८९४ चा नमुना आधी काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाला आणि १८९५ मध्ये त्याच रायफलीत निकेल-पोलादाची नळी घालून .३०-३० आली. वेग एकदम वाढला, आणि मऊ शिसे त्या वेगाला टिकेना. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यावर उपाय निघाला : गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी, गॅस चेक. त्यासाठी साच्यातच बुडाशी पायरी ठेवावी लागते. ही वाटी हवीच की नको, यावर तेव्हापासून दोन तट आहेत. माझा कल वाटीशिवायच्या साच्याकडे आहे, निदान १८९५ पूर्वीच्या नळ्यांसाठी. त्या मुळातच मऊ शिसे आणि बेताचा वेग धरून कापलेल्या आहेत.

गोळीच्या टोकाचा प्रश्न मात्र वादाचा नाही. या रायफलींत काडतुसे नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक राहतात. एकाचे टोक पुढच्याच्या बुडातल्या स्फोटक टोपीला टेकते. अणकुचीदार टोक धक्क्याने टोपी फोडू शकते, म्हणून साचा सपाट टोकाचाच. शिवाय नळकांड्यातली स्प्रिंग गोळीला काडतुसात मागे रेटते, म्हणून काडतुसाच्या पितळी कवचाच्या कडा दाबून बसवायला गोळीवर आडवी खाच लागते. टोकापासून त्या खाचेपर्यंतची लांबीही जुळावी लागते. ती वाढली तर १८७३ च्या रायफलीत काडतूस वर चढताना अडकते, मग व्यास कितीही अचूक असो.

धातूबद्दल थोडक्यात. फेकायच्या जाळ्याच्या कडेला ओवलेले शिशाचे मणी आणि छापखान्यातले खिळे दोन्ही शिशाचेच दिसतात, पण खिळ्यांत अँटिमनी आणि कथील असते. लायनोटाइप या खिळे ओतणाऱ्या छपाई यंत्राच्या मिश्रणात अँटिमनी सुमारे १२ टक्के, कथील ४. त्याने गोळी कडक होते आणि साच्यातून किंचित मोठी निघते. एकाच साच्यातून दोन धातूंच्या दोन मापांच्या गोळ्या येतात, हे लक्षात न घेता साच्याला दोष दिला जातो.

पुढच्या काळात वाद वाढले. १९५० च्या दशकात एका अमेरिकन कारखान्याने मोजक्या खोल खाचांऐवजी अनेक उथळ खाचांची नळी आणली, आणि 'हिच्यात शिसे चालत नाही' असा समज रुजला. अनेकांनी नीट मोजून पाहिले तेव्हा दिसले की दोष बराचसा गोळीच्या मापाचा होता. थोडी जाड गोळी दिली की त्या नळ्याही नेम धरतात. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातून जुन्या पोशाखातल्या नेमबाजीचा छंद पसरला आणि विस्मृतीत गेलेले वाटीशिवायचे, आखूड टोकाचे साचे पुन्हा बनू लागले. आज साच्याच्या क्रमांकातले पहिले तीन आकडे बहुधा गोळीचा व्यास सांगतात : ३११ म्हणजे .३११ इंच. .३०-३० च्या खाचांचे माप .३०८, म्हणजे साचा मुद्दाम इंचाच्या तीन हजारांशाने मोठा.

आपल्याकडे हे सारे कायद्याच्या चौकटीत येते. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आवरली आणि १९९१ च्या दुरुस्तीने जवळपास पूर्ण थांबली. पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यालाही परवानगीशिवाय मारता येत नाही. साच्याची गोष्ट त्याहून जुनी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने दारूगोळ्याच्या व्याख्येतून शिसे, गंधक आणि सोरा स्पष्टपणे वगळले, पण दारूगोळा बनवण्याची यंत्रसामग्री आत घेतली. १९५९ च्या कायद्याने ती तशीच ठेवली, दारूगोळ्याच्या भागांसह. म्हणून माळ्यावर सापडलेला साचा भंगारात टाकण्याआधी किंवा चुलीवर शिसे ठेवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात त्याची नोंद विचारावी, आणि रायफलीचा परवाना वारसाच्या नावे करतानाच हा प्रश्नही लेखी मांडावा.