फी पुरत नाही तेव्हा: मुलांच्या सार्वजनिक संगीतशाळांची पार्श्वभूमी

नफ्यासाठी नसलेली संगीतशाळा काढायची म्हटली की सगळ्यात आधी शिक्षकाच्या तासांचा हिशोब मांडावा लागतो. प्रत्येक मुलाला आठवड्यातून अर्धा तास स्वतंत्र शिकवायचं ठरवलं, तर वीस तास शिकवणारा एक शिक्षक फार तर चाळीस मुलं सांभाळतो. त्याचं मानधन, जागेचं भाडं, वाद्यांची डागडुजी आणि कार्यालयीन खर्च या चाळीस घरांवर वाटला, की येणारी फी नेमकी त्याच घरांना झेपत नाही ज्यांच्यासाठी शाळा काढली. मग फी खर्चाच्या खाली ठेवायची आणि तूट दुसरीकडून भरून काढायची, एवढाच मार्ग उरतो. गेल्या चारशे वर्षांत अशा शाळांची जी वेगवेगळी रूपं झाली, ती बऱ्याच अंशी ही तूट कोणी भरली यावर ठरली. वर्गात किती मुलं बसवायची, काय शिकवायचं, कोणाला प्रवेश द्यायचा, हे सगळं त्यामागोमाग येतं.

इटलीतल्या नेपल्समध्ये सोळाव्या शतकात चार अनाथाश्रम सुरू झाले: सांता मारिया दी लोरेतो (१५३७), सांत ओनोफ्रियो (१५७८), पिएता देई तुर्किनी (१५८३) आणि पोवेरी दी जेझू क्रिस्तो (१५८९). निराधार मुलांना आसरा द्यावा आणि पोटापुरतं काहीतरी शिकवावं, हा मूळ हेतू. पुढच्या शतकात संगीत पुढे सरकलं, त्याचं कारण व्यवहारी होतं. चर्चमधले विधी, मिरवणुका, अंत्ययात्रा यांना गाणारी-वाजवणारी मुलं लागत आणि त्यांचे पैसे आश्रमाच्या तिजोरीत जमा होत. नाव होऊ लागलं तसे फी भरून राहणारे विद्यार्थीही येऊ लागले. तूट भरून निघत होती ती मुलांच्याच श्रमातून, हे विसरून या काळाचं कौतुक करता येत नाही.

शिकवण्याची घडीसुद्धा याच टंचाईतून बसली. मोठे गुरू थोडे आणि त्यांचे तासही मोजके, म्हणून गुरू वरच्या विद्यार्थ्यांना शिकवत आणि ते विद्यार्थी खालच्यांना. १७७० मध्ये चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीत-इतिहासकार सांत ओनोफ्रियोत गेला, तेव्हाचं त्याचं वर्णन प्रसिद्ध आहे. जिन्यावर एक जण ट्रम्पेट फुंकतोय. वर एकाच खोलीत सात-आठ हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं, पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य), त्याहून जास्त व्हायोलिनं आणि काही गाणारे, प्रत्येकाचा धडा वेगळा आणि पट्टीही वेगळी. खोल्या कमी म्हणून खाटांवर बसून सराव चाले आणि हिवाळ्यात मुलं उजाडायच्या दोन तास आधी उठत. बर्नीला हा गोंगाट खटकला. अशा कोलाहलात मूल फक्त जोरात वाजवायला शिकतं, आपल्या सुरातला बारकावा त्याला ऐकूच येत नाही, हा त्याचा आक्षेप आजही खरा आहे. एका हॉलमध्ये पातळ पडदे लावून तीन वर्ग भरवणाऱ्या प्रत्येक शाळेत हेच होतं: मुलं सूर चढा लावतात आणि शिक्षकाचा घसा बसतो.

व्हेनिसच्या चार धर्मादाय संस्थांनी मुलींना शिकवलं. त्यांपैकी ओस्पेदाले देल्ला पिएतामध्ये १७०३ साली विवाल्दी हा पुढे प्रसिद्ध झालेला संगीतरचनाकार व्हायोलिनशिक्षक म्हणून रुजू झाला. तिथे मुली जाळीआड राहून गात-वाजवत आणि ऐकायला आलेले श्रीमंत देणग्या देत. जलसा जितका चांगला तितकी देणगी मोठी, त्यामुळे चांगले शिक्षक आणि चांगली वाद्यं यांवर संस्था सढळ हाताने खर्च करी. पण त्यासाठी निवडक मुलींवरच सगळा भर राही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये वेगळी दिशा मिळाली: वाद्यच काढून टाकायचं. नॉर्विचच्या सेरा ग्लोव्हर यांची अक्षरांत स्वर लिहिण्याची पद्धत घेऊन जॉन कर्वेन यांनी १८४० च्या दशकापासून टॉनिक सोल-फा पद्धत चर्चच्या रविवारच्या शाळांमधून पसरवली. पाच रेघांचं स्वरलेखन छापायला महाग, अक्षरं स्वस्त. शिवाय एक शिक्षक एका वेळी शंभर मुलांकडून गाऊन घेऊ शकतो. दर मुलामागचा खर्च इतका खाली आला की तूट जवळजवळ उरलीच नाही. तोटा असा की अक्षरांवर शिकलेल्या मुलाला पुढे वाद्यवृंदात बसायचं तर वाचन पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागे.

आज ज्याला वस्तीतली संगीतशाळा म्हणतो तिचं थेट मूळ मात्र सेटलमेंट चळवळीत आहे. गरीब वस्तीत सुशिक्षितांनी जाऊन राहावं, तिथेच वर्ग, वाचनालय, दवाखाना चालवावा, ही कल्पना १८८४ मध्ये लंडनच्या टॉयन्बी हॉलपासून रुजली. शिकागोत १८८९ मध्ये हल हाऊस निघालं आणि १८९३ मध्ये एलिनॉर स्मिथ यांच्या हाताखाली त्याची संगीतशाळा. पुढे जॅझमध्ये गाजलेला बेनी गुडमन लहानपणी तिथल्याच मुलांच्या बँडमध्ये वाजवायचा. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात एमिली वॅग्नर यांनी १८९४ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांना पियानो आणि व्हायोलिन शिकवायला सुरुवात केली. त्यातूनच थर्ड स्ट्रीट म्युझिक स्कूल उभं राहिलं. फिलाडेल्फियात १९०८ मध्ये दोन तरुण स्वयंसेविकांनी पाच सेंटला पियानोचा धडा सुरू केला, तिथून सेटलमेंट म्युझिक स्कूल.

पाच सेंटनी खर्च निघत नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरीही फी शून्य ठेवली नाही, कारण फुकट म्हटलं की पालकांना ते दान वाटतं. आजच्या उत्पन्नानुसार ठरणाऱ्या फीचा धागा इथपर्यंत पोचतो. घरातलं उत्पन्न आणि घरातली माणसं या दोन आकड्यांवरून चार-पाच टप्पे करायचे, सगळ्यात खालच्या टप्प्यालाही काहीतरी नाममात्र ठेवायचं. हे टप्पे कोणता वर्ग किंवा कोणता शिक्षक मिळणार याच्याशी कधीही जोडायचे नाहीत. तसं केलं की सवलतीचा वर्ग आणि फीचा वर्ग अशी शाळेत दोन गावं तयार होतात आणि सवलतीची मुलं वर्षभरात गळतात. सवलतीची नोंद कार्यालयात राहावी, शिक्षकाच्या हजेरीपुस्तकात नाही.

फिलाडेल्फियाच्या शाळेला १९१७ मध्ये मेरी लुईस कर्टिस बोक यांनी इमारत दिली. पुढे गुणवान विद्यार्थ्यांसाठी तिथे वेगळा विभाग झाला आणि १९२४ मध्ये तो विभाग बाहेर पडून कर्टिस इन्स्टिट्यूट बनला. सर्वांसाठीचं शिक्षण आणि निवडकांचं शिक्षण एका छपराखाली फार काळ नांदत नाही, असा या घटनेचा एक अर्थ लावता येतो. आमच्या मते फारकत झाली ते बरंच झालं. एरवी पैसा कायम वरच्या वर्गाकडे ओढला जातो. हार्लेममध्ये १९११ च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांसाठी अशीच शाळा निघाली आणि तिच्या मदतीसाठी २ मे १९१२ रोजी जेम्स रीस युरोप यांच्या क्लेफ क्लब या कृष्णवर्णीय वादकांच्या वाद्यवृंदाने कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला. अमेरिकेतल्या या सगळ्या शाळांची संघटना १९३७ मध्ये झाली.

आपल्याकडे हीच वर्षं गांधर्व महाविद्यालयाची. त्याआधी मुंबईत पारशी गायन उत्तेजक मंडळी (१८७०), पुण्यात गायन समाज (१८७४) आणि बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा (१८८६) होऊन गेली होती. पण दरबाराच्या आधाराशिवाय, लोकांच्या पैशावर शाळा उभी करण्याचा मोठा प्रयत्न विष्णु दिगंबर पलुस्करांचा. ५ मे १९०१ रोजी लाहोरला विद्यालय सुरू झालं, १९०८ मध्ये मुंबईला आलं. तूट भरायचे त्यांचे मार्ग अनेक होते: तिकीट लावून जलसे, देणग्या, विद्यालयाच्या छापखान्यातली स्वरलिपीची पुस्तकं. उपदेशक वर्गातल्या मुलांची राहण्या-जेवणाची सोय विद्यालय करी आणि हीच मुलं पुढे शिक्षक म्हणून बाहेर पडत. नेपल्ससारखंच इथेही शिकणारा हाच उद्याचा शिकवणारा होता.

घसरण इमारतीपायी झाली. मुंबईतली वास्तू कर्ज काढून बांधली होती. जलशांचं उत्पन्न एका माणसाच्या गळ्यावर आणि प्रवासावर अवलंबून, आणि व्याज मात्र दरमहा ठरलेलं. सावकारांचा तगादा वाढत गेला आणि १९२४ मध्ये इमारत लिलावात गेली. अनियमित उत्पन्नावर नियमित कर्ज घेऊ नये, हा धडा कोणत्याही संस्थेच्या हिशोबनीसाला इथून घेता येईल. पलुस्कर १९३१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मंडळाने वेगळाच मार्ग धरला: गावोगावी संलग्न वर्ग, एकच अभ्यासक्रम आणि प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंत परीक्षा. परीक्षेची फी हे भरवशाचं उत्पन्न आहे आणि छोट्या गावातल्या शिक्षकाला त्यामुळे ओळख मिळते. पण मग वर्षभर वर्गात परीक्षेचे रागच घोटले जातात. ठरलेले आलाप-ताना पाठ असलेल्या मुलाला तबलजीने ठेका जरा संथ धरला तरी सम सापडत नाही. ज्या शाळा परीक्षा ठेवूनही आठवड्यातला एक तास नुसत्या एकत्र गाण्याला देतात, तिथे हे कमी दिसतं.

वाद्याचा खर्च हा स्वतंत्र विषय आहे. इंग्लंडमध्ये १८९७ पासून मेडस्टनच्या शाळेत व्हायोलिनचे सामुदायिक वर्ग सुरू झाले, तेव्हा मर्डॉक या वाद्यविक्रेत्यांनी हप्त्यावर वाद्यं पुरवली. म्हणजे तूट दुकानदाराने भरली आणि विक्रीतून वसूल केली. पण वाढत्या मुलाला वाद्य विकत घ्यायला लावणं हा तोट्याचा सौदा. व्हायोलिनचे मुलांचे आकार एक-षोडशांशापासून पाव, अर्धा, पाऊण असे पूर्ण आकारापर्यंत चढत जातात आणि पाच ते तेरा वर्षांच्या दरम्यान मूल तीन-चार वेळा आकार बदलतं. म्हणून वाद्यं शाळेच्या मालकीची ठेवून घरी वापरायला देणं हाच पुढे रिवाज झाला. दर आकाराची एक-दोन जास्तीची ठेवावी लागतात, कारण दुरुस्तीला गेलेल्या वाद्याच्या जागी दुसरं नसलं तर मुलाचा सराव तुटतो. सगळ्यात जास्त नुकसान निष्काळजीपणाने नाही, अज्ञानाने होतं: खुंटी घसरते म्हणून पालक चारही तारा एकदम सैल करतात, तारा पेलणारी घोडी पडते आणि आतला ध्वनीदांडा (वाद्याच्या पोटात उभी असलेली लाकडी काडी) निसटतो. तार एकेक करूनच बदलायची आणि वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करायचे, एवढं पहिल्या दिवशी पालकांसमोर करून दाखवलं तरी दुरुस्तीचं बिल बरंच खाली येतं.

युरोपात हळूहळू तूट भरायची जबाबदारी नगरपालिकांकडे गेली. नॉर्वेने तर १९९७ मध्ये प्रत्येक नगरपालिकेला मुलांसाठी संगीत आणि कलाशाळा ठेवणं कायद्यानेच बंधनकारक केलं.

सरकारी पैशाचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हेनेझुएला. होसे आंतोनियो आब्रेऊ या अर्थतज्ज्ञ-संगीतकाराने १९७५ मध्ये काराकासमध्ये सुरुवात केली. पहिल्या तालमीला अकरा मुलं आली. या ‘एल सिस्तेमा’ची युक्ती हिशोबातच होती. स्वतंत्र शिकवणीऐवजी पहिल्या दिवसापासून वाद्यवृंद, रोज शाळा सुटल्यावर काही तास, आणि पैसा मागायचा तो संस्कृती खात्याकडे नाही तर समाजकल्याणाच्या खात्यांकडे. अगदी लहान मुलांना कागदाच्या लगद्याची व्हायोलिनं देतात. त्यातून आवाज निघत नाही. वाद्य हनुवटीखाली कसं धरायचं, सगळ्यांनी एकदम कसं उठायचं-बसायचं, वाद्य आपटायचं नाही, हे खऱ्या वाद्याला हात लावण्याआधी अंगवळणी पडतं. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने २००७ मध्ये या उपक्रमासाठी १५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं.

त्याच बँकेच्या पुढाकाराने २,९१४ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापून आले. मुलांच्या आत्मनियंत्रणात थोडा फरक दिसला. पण शाळा चालवणाऱ्यांनी वाचायचा आकडा दुसरा आहे: या मुलांमध्ये गरीब घरांतली सुमारे १६.७ टक्के, तर त्याच राज्यांमध्ये गरिबीचं प्रमाण ४६.५ टक्के. प्रवेश मोफत, वाद्य मोफत, तरी ज्यांच्यासाठी योजना होती ती मुलं कमी आली. रोज आणून सोडायला माणूस लागतो, नाव नोंदवायची तारीख वेळेवर कळावी लागते, मोठ्या बहिणीला घरी धाकट्याला सांभाळायचं असतं. फी हा अडथळ्यांपैकी एकच. किशोरवयात तर संध्याकाळचे तास कमाईला आणि शिकवणीला जातात.

म्हणून नंतरच्या काही शाळांनी नोंदणीची रीतच बदलली. स्कॉटलंडच्या स्टर्लिंगमधल्या रॅप्लॉक वस्तीत २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बिग नॉइज’ने एक वस्ती निवडली आणि तिथल्या सगळ्याच मुलांना दारं उघडली, चाचणी नाही, फी नाही. पहिलं पाऊल मुलांच्या नेहमीच्या शाळेत, शाळेच्याच वेळात पडतं. सगळा वर्ग एकदम शिकायला बसतो, त्यामुळे कोणाच्या पालकाला अर्ज आणायला यावं लागत नाही.