टिचबर्न प्रकरण

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गाजलेला वारसाहक्काचा वाद. समुद्रात बेपत्ता झालेला रॉजर टिचबर्न तो मीच, असे सांगत ऑस्ट्रेलियातील एका खाटकाने हॅम्पशर परगण्यातील एका धनाढ्य रोमन कॅथलिक घराण्याच्या किताबावर आणि जमिनींवर हक्क सांगितला. मराठी वाचकाला येथे पानिपतानंतर उभा राहिलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवेल. मात्र भाऊंच्या तोतयामागे राजकारण होते. इथे सारे सुरू झाले ते एका आईच्या आशेतून.

इंग्लंडने पोपची सत्ता झुगारल्यावरही टिचबर्न मंडळींनी जुना धर्म सोडला नाही. राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटात सामील झाल्याबद्दल चिडिओक टिचबर्न या तरुणाला १५८६ मध्ये देहदंड झाला. कॅथलिकांवरील बहुतेक राजकीय बंधने १८२९ मध्ये उठली, पण तोवर अशी घराणी आपसातच सोयरीक करायला आणि मुलांना जेझुइटांच्या, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाच्या, शाळेत घालायला सरावली होती. टिचबर्न गावचे चर्च अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत प्रोटेस्टंट पंथाचे, पण त्यातच या कुटुंबाची कॅथलिक प्रार्थनाजागा आहे. दर २५ मार्चला गावकऱ्यांना पीठ वाटण्याची बाराव्या शतकापासूनची प्रथाही याच घराण्याची. हे दान थांबले तर एका पिढीत सात मुलगे, पुढच्या पिढीत सात मुली होऊन वंश संपेल, अशी आख्यायिका आहे. १७९६ मध्ये दान थांबवले गेले आणि खरोखरच सात मुलग्यांमागून सात मुली झाल्या, तेव्हा ते पुन्हा सुरू करण्यात आले.

रॉजरचा जन्म १८२९ मध्ये पॅरिसचा. आई हेन्रिएट फ्रान्समध्ये वाढलेली. तिने मुलालाही तिथेच वाढवले. सोळाव्या वर्षापर्यंत त्याचे सारे बोलणे फ्रेंचमध्ये. नंतर तो स्टोनीहर्स्टच्या जेझुइट शाळेत आणि पुढे सैन्यात गेला. कॅथरीन डाउटी या चुलतबहिणीवर त्याचा जीव जडला, पण सख्ख्या चुलतभावंडांच्या लग्नाला चर्चची खास परवानगी लागे आणि घरचेही राजी नव्हते. आपले लग्न झाले तर मेरीमातेचे प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस लिहून त्याने तो कागद मोहोरबंद करून कारभाऱ्याकडे ठेवला आणि १८५३ मध्ये दक्षिण अमेरिकेची वाट धरली. एप्रिल १८५४ मध्ये रिओहून निघालेले त्याचे ‘बेला’ जहाज बुडाले.

आईने मात्र ते मानले नाही. तिने देशोदेशी जाहिराती दिल्या. अखेर वॉगा वॉगा गावातला टॉमस कॅस्ट्रो नावाचा खाटीक पुढे आला आणि जानेवारी १८६७ मध्ये पॅरिसच्या हॉटेलात तिने त्याला आपला मुलगा म्हणून ओळखले. रॉजर सडपातळ होता, हा माणूस अवाढव्य. त्याला फ्रेंचही येत नव्हते. तरीही तिने त्याला वर्षाला १,००० पौंड लावून दिले. या बाईला वेडी ठरवणे सोपे आहे, पण ज्याचे प्रेतही हाती लागले नाही त्याची वाट पाहणे अस्वाभाविक नाही. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला घराण्याचा जुना नोकर अँड्र्यू बोगल यानेही दावेदाराला ओळखले, आणि शेवटपर्यंत त्याची साक्ष ढळली नाही. बाकीचे नातलग मात्र जवळजवळ सगळे विरोधात राहिले. १८६८ मध्ये आई वारली आणि दावेदाराचा मोठा आधार गेला.

दिवाणी खटला मे १८७१ ते मार्च १८७२ असा १०२ दिवस चालला. घराण्याचा धर्म, शाळा, भाषा, तिथले रोजचे वळण, यांतच परका माणूस उघडा पडत गेला. शाळेतल्या दिवसांबद्दल त्याला धड सांगता येईना. रॉजरच्या हातावर आपण गोंदले होते, अशी साक्ष शाळासोबती लॉर्ड बेल्यू यांनी दिली. दावेदाराच्या हातावर काहीच नव्हते. सर्वांत वाईट गोष्ट त्या मोहोरबंद कागदाची. कॅथरीनला आपल्यापासून दिवस गेल्याचा संशय होता, म्हणून तो लिहिला, असे त्याने सांगितले. तोवर ती दुसऱ्या घरी नांदत होती. एका तरुणाच्या नवसाची अशी विटंबना करणे, हा मला या प्रकरणातला सर्वांत मोठा अपराध वाटतो.

दावा फेटाळला गेला. नंतर खोट्या साक्षीबद्दल १८८ दिवसांचा फौजदारी खटला झाला आणि हा लंडनमधल्या वॉपिंगचा आर्थर ऑर्टन, असे ठरवून फेब्रुवारी १८७४ मध्ये त्याला १४ वर्षांची सक्तमजुरी झाली. कष्टकरी लोक मात्र मोठ्या संख्येने त्याच्या बाजूचे होते. श्रीमंतांनी आणि जेझुइटांनी मिळून गरिबाचा हक्क बुडवला, ही त्याचे वकील एडवर्ड केनीली यांची मांडणी त्यांना पटली, कारण न्यायालये गरिबाला कसे वागवतात हे ते रोज अनुभवत होते. त्यात कॅथलिकांविषयीचा जुना संशयही मिसळला. केनीलींची वकिलीची सनद गेली, पण १८७५ मध्ये ते खासदार झाले.

१८८४ मध्ये दावेदार सुटला. १८९५ मध्ये त्याने आपण ऑर्टन असल्याचे कबूल केले, मग ते मागे घेतले. १ एप्रिल १८९८ रोजी तो कंगाल अवस्थेत मेला. शवपेटीवर ‘सर रॉजर चार्ल्स डाउटी टिचबर्न’ असे नाव लिहिलेला कागद ठेवू देण्यास टिचबर्न कुटुंबाने हरकत घेतली नाही.