स्टर्नड्राइव्हमधलं गिंबल बेअरिंग: घरघर कुठून येते आणि ते नीट कसं बदलायचं

इंजिन बोटीच्या आत आणि प्रोपेलर बाहेर पाण्यात, ही रचना जुनीच आहे. स्टर्नड्राइव्हमध्ये मात्र बाहेरचा अख्खा गिअरबॉक्सच सुकाणूसारखा डावीउजवीकडे वळतो, शिवाय वर उचलताही येतो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात 'अ‍ॅक्वामॅटिक' नावाने असा ड्राइव्ह मांडला. पुढच्या काही वर्षांत मर्क्युरी कंपनीचा मर्क्रूझर आला आणि अमेरिकेतल्या तळ्यांवर तो सर्रास दिसू लागला. या लेखातला तपशील मर्क्रूझरच्या अल्फा वन ड्राइव्हचा आहे. इतर बनावटींमध्ये भागांची जागा आणि आकडे बदलतात, बेअरिंग खराब होण्याची कारणं फारशी बदलत नाहीत.

इंजिनाची ताकद वळणाऱ्या, उचलल्या जाणाऱ्या ड्राइव्हपर्यंत पोचवायची, तर मधला दांडा वाकायला हवा. त्यासाठी एकापाठोपाठ एक दोन यू-जॉइंट, म्हणजे कोनातही ताकद पुढे नेणारे सांधे, असतात. जॉइंटच्या पुढून निघणारा दांडा बोटीच्या मागच्या उभ्या फळीतून, म्हणजे ट्रान्सममधून, आत जातो आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या कपलरमध्ये (जोडकड्यात) स्प्लाइनने, म्हणजे दांड्यावरच्या लांबट दातांनी, अडकतो. ट्रान्समच्या बाहेर बसवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या गिंबल हाउसिंगमध्ये या दांड्याला आधार देणारं एकच बेअरिंग असतं. तेच गिंबल बेअरिंग. यू-जॉइंटवर रबराचा चुण्यांचा नळा असतो, त्याला बेलोज म्हणतात. बोट पाण्यात असताना हा बेलोज पाण्याच्या पातळीखाली असतो. तो फाटला की पाणी आधी यू-जॉइंट आणि बेअरिंगपर्यंत पोचतं. बेअरिंगच्या इंजिनाकडच्या बाजूची सीलही गेली असेल, तर ते थेट बोटीच्या तळात शिरतं. बांधून ठेवलेली बोट रात्रीतून बुडण्याचं हे एक खरंखुरं कारण आहे. म्हणून या बेअरिंगच्या आवाजाकडे 'चालतंय तोवर चालवू' म्हणून काणाडोळा करू नये.

आवाजाचं लक्षण ठरलेलं असतं. बोट सरळ जाताना सगळं शांत. संथ गतीत सुकाणू पूर्ण एका बाजूला वळवलं की मागून जात्यासारखी घरघर सुरू होते आणि सरळ केलं की थांबते. हे वळणावरच का होतं? ड्राइव्ह सरळ असताना दांडा जवळजवळ एका रेषेत फिरतो आणि बेअरिंगवर बाजूचा भार थोडाच येतो. ड्राइव्ह वळला की तीच ताकद कोनातून जाते. कोनातल्या यू-जॉइंटमधून पीळ पुढे जाताना दांड्यावर एक वाकवणारा जोर तयार होतो, आणि प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा कमीजास्त होतो. हा जोर सोसायचं काम बेअरिंगचं. रेसवर, म्हणजे छर्रे ज्या कड्यांमध्ये फिरतात त्यांवर, खड्डे पडलेले असले, तर छर्रे त्यांवरून भाराखाली जाऊ लागतात आणि आवाज उठतो. साधा हिशेब करून पाहा. इंजिन ७०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११.७ फेरे, बेअरिंगमध्ये नऊ छर्रे धरले, तर बाहेरच्या रेसवरच्या एका खड्ड्यावरून छर्रे जाण्याचा वेग ०.४ × ९ × ११.७ (०.४ हा ढोबळ गुणक), म्हणजे सेकंदाला ४२ च्या आसपास. हीच ती खोल घरघर. टकटक, खटखट असा तुटक आवाज असेल, तर संशय यू-जॉइंटच्या क्रॉसवर, म्हणजे त्याच्या मधल्या फुलीसारख्या भागावर, घ्यावा.

बेअरिंग बसण्याच्या जागेतही एक खुबी आहे. साधं बॉल बेअरिंग कोनाची चूक फारशी सहन करत नाही. हाउसिंगचं तोंड आणि इंजिनाचा कपलर कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. म्हणून या बेअरिंगचा बाहेरचा पृष्ठभाग गोलाकार असतो आणि तो तसाच खोलगट असलेल्या कॅरिअरमध्ये बसतो. दांडा ज्या दिशेने येईल त्या दिशेला बेअरिंग स्वतः थोडं वळतं. कॅरिअरभोवती एक चिरलेली पत्र्याची टॉलरन्स रिंग असते, ती त्याला हाउसिंगमध्ये घट्ट धरते. मात्र या वळण्याला मर्यादा आहे. इंजिनाचे पुढचे माउंट, म्हणजे त्याला पेलणारे टेकू, खचले की कपलर खाली येतो आणि दांडा बेअरिंगला सतत एका बाजूला रेटतो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं: भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश. नवं बेअरिंग एका हंगामात गेलं, तर दोष बहुधा बेअरिंगचा नसतो. तो माउंटचा किंवा बेलोजचा असतो. हे न तपासता फक्त बेअरिंग बदलणं म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करणं.

काम सुरू करताना बॅटरी तोडावी आणि ड्राइव्ह खाली आणून सरळ ठेवावा. तळाचा बूच आणि वरचा हवेचा बूच काढून ड्राइव्हचं तेल सोडावं. तेल दुधाळ निघालं, तर आत पाणी शिरलंय आणि ड्राइव्हच्या सीलचं वेगळं काम वाढलं. अल्फा ड्राइव्ह काढताना गिअर फॉरवर्डमध्ये ठेवतात, मर्क्रूझरच्याच ब्राव्हो ड्राइव्हमध्ये न्यूट्रल. ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या ट्रिम सिलिंडरच्या मागच्या टोकाची पिन काढून सिलिंडर बाजूला बांधावेत, त्यांची हायड्रॉलिक नळी सोडायची गरज नसते. स्पीडोमीटरची नळी असेल तर ती काढावी. मग बेलहाउसिंगवरचे, म्हणजे ड्राइव्ह ज्या कवचाला जोडलेला असतो त्यावरचे, सहा नट, त्यांना ५/८ इंचाचा पाना लागतो. ड्राइव्हचं वजन ५० किलोच्या घरात जातं, तेव्हा तो स्टँडवर किंवा चेनब्लॉकवर टेकवूनच नट सैल करावेत. शेवटचा नट आधाराशिवाय काढला, तर सगळं वजन दांड्यावर येतं आणि स्प्लाइन तुटते.

ड्राइव्ह मागे सरकला की यू-जॉइंटसह दांडा त्याच्याबरोबर बाहेर येतो. आता हात आत घालून बेअरिंग बोटाने फिरवून पाहावं. चांगलं बेअरिंग जड पण एकसारखं फिरतं. वाळू असल्यासारखं खरखरलं, बोटाला गंज लागला किंवा ते सहज हललं, तर ते गेलं. याच वेळी यू-जॉइंटचे क्रॉस प्रत्येक दिशेला वाकवून बघावेत. कुठे अडखळले तर बदलावेत. बेलोजच्या चुण्या ताणून आत टॉर्च मारावी. भेग साधारणपणे चुणीच्या खोल घडीत असते आणि बाहेरून दिसत नाही. बोट ड्राइव्ह वर उचलूनच महिनोन्महिने ठेवली असेल, तर ती हमखास तिथेच सापडते.

बेअरिंग काढायला तीन नख्यांचा पुलर आणि स्लाइड हॅमर लागतो. नख्या बेअरिंगच्या मागे नीट धरल्या पाहिजेत. फक्त आतल्या रेसला पकडून ओढलं, तर छर्रे सुटतात आणि कॅरिअर हाउसिंगमध्येच राहतो. खाऱ्या पाण्यातल्या बोटीत अ‍ॅल्युमिनियम आणि पोलाद यांच्यामध्ये पांढरी भुकटी साठून सगळं जाम झालेलं असतं. तिथे जोर वाढवण्याआधी उष्णता वापरावी. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतं: ८० मिलिमीटरचं भोक ६० अंश सेल्सिअसने तापवलं, तर ते सुमारे ०.११ मिलिमीटर मोठं होतं, तेवढ्यात आतलं पोलाद निम्मंच वाढतं. ही फट पुरते. हॉट एअर गन वापरावी. बेलोज, ट्रान्समचा फायबर आणि पेट्रोलच्या वाफा जवळ असताना उघडी ज्योत नको. इंजिनाच्या बाजूची सील कोणत्या तोंडाने बसली आहे त्याचा फोटो घेऊन मगच ती उपटावी. भोकातला गंज बारीक पॉलिशपेपरने पुसावा. फाइल लावली की भोक मोठं होतं आणि नवं बेअरिंग सैल बसतं.

नवं बेअरिंग तासभर डीप फ्रीझरमध्ये ठेवलं, तर बसवणं सोपं जातं. ग्रीस निपल (पंपाने ग्रीस भरायचं तोंड) असलेल्या हाउसिंगमध्ये कॅरिअरचं ग्रीसचं भोक निपलच्या बाजूला यायला हवं, आणि टॉलरन्स रिंगची चीर त्या भोकावर. नाहीतर वर्षानुवर्षं ग्रीस मारत राहाल आणि एक थेंबही छर्‍यांपर्यंत पोचणार नाही. आधीच ग्रीस भरलेल्या सीलबंद बेअरिंगला हा प्रश्न नसतो. ठोकताना ड्रायव्हर बाहेरच्या कॅरिअरवरच टेकला पाहिजे. आतल्या रेसवर घातलेला घाव छर्‍यांमधून बाहेरच्या रेसमध्ये जातो, तिथे सूक्ष्म खळगे पाडतो, आणि नवं बेअरिंग पहिल्याच वळणावर घरघरू लागतं. हा दोष बाहेरून दिसत नाही, म्हणूनच तो सगळ्यात जास्त फसवतो.

यानंतरची पायरी अनेक जण टाळतात, आणि या कामात ती सर्वांत महत्त्वाची आहे: अलाइनमेंट बार. दांड्याच्याच मापाचा हा लांब पोलादी बार बेअरिंगमधून कपलरमध्ये घालतात. आत जात नसेल, तर बारच्या बाहेरच्या टोकाला रबरी हातोडीने हलके टोले देऊन बेअरिंग त्याच्या गोल बैठकीत वळवायचं. बार दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर सरकला पाहिजे. मग त्याच्या स्प्लाइनला ग्रीस लावून आत घालायचा, न फिरवता सरळ बाहेर काढायचा आणि खुणा बघायच्या. सगळ्या दातांवर सारख्या असतील तर ठीक. फक्त वर किंवा फक्त खाली असतील, तर इंजिनाचे पुढचे दोन्ही माउंट सारख्याच प्रमाणात, थोडे थोडे फिरवून इंजिनाची उंची जुळवायची आणि दरवेळी बार पुन्हा घालून पाहायचा.

परत जोडताना दांड्याच्या ओ-रिंगा नव्या घालाव्यात, स्प्लाइनला ग्रीस लावावं, बेलहाउसिंगचं गॅस्केट नवं असावं. ड्राइव्ह पुढे सरकवताना प्रोपेलर हाताने हळूच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की दात जुळतात आणि ड्राइव्ह शेवटचे काही सेंटिमीटर स्वतःच आत जातो. तो अडकला तर नट आवळून ओढू नये. बहुधा गिअर बदलणारा स्लायडर किंवा स्प्लाइन जुळलेली नसते, आणि नटाने ओढलं की जे तुटतं ते महाग असतं. नट आलटून-पालटून ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. तेल तळाच्या भोकातून वर भरत न्यावं, म्हणजे हवा अडकत नाही. अल्फा वनच्या दुसऱ्या पिढीला मॉनिटर बाटलीसह (ड्राइव्हच्या तेलाची पातळी दाखवणारी बाटली) साधारण १.९ लिटर लागतं.

निपल असेल तर ग्रीस दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, हाताच्या पंपाने दोनचार दाबच द्यावं. बेअरिंगमधली मोकळी जागा एक तृतीयांश ते अर्धी भरलेली बरी. पूर्ण ठासलं, तर छर्रे ग्रीस घुसळत बसतात, ते तापतं आणि दाबाने सील बाहेर येते. बोट हंगामाबाहेर ठेवताना ड्राइव्ह पूर्ण खाली सोडावा, म्हणजे बेलोजवर घडी राहत नाही. पहिल्या फेरीनंतर इंजिनखालचा तळ कोरड्या फडक्याने पुसून तासाभराने पुन्हा बघावा. कपलरच्या खाली ओल दिसली, तर बेलोजचा क्लॅम्प किंवा नवी सील नीट बसलेली नाही.