पीएच आणि केएच: प्रवाळाच्या टाकीतली जुनी गल्लत

पीएच ७ च्या वर गेला की द्रावण अल्कधर्मी, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पुढे घरात खाऱ्या पाण्याची टाकी येते आणि टेस्ट किटच्या डब्यावर ‘अल्कलिनिटी’ हा शब्द दिसतो. दोन्ही एकच असणार असं वाटणं साहजिक आहे, आणि तिथेच घोटाळा होतो. मीटरवर पीएच ७.८ दिसला की अल्कलिनिटी, म्हणजे केएच, वाढवणारी पूड टाकली जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ७.८, परत पूड. आठवड्याभरात केएच १४ वर जातो, पीएच जागचा हलत नाही, आणि ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाची टोकं मात्र जळून पांढरी पडलेली असतात.

पीएच म्हणजे पाणी या क्षणी किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचा आकडा. केएच, म्हणजेच अल्कलिनिटी, सांगते की हे पाणी आम्ल व्हायला किती आम्ल ओतावं लागेल. सरबत आत्ता किती आंबट आहे हा एक प्रश्न; ते आंबट लागायला किती लिंबं पिळावी लागतील हा दुसरा. केएचचं किट हेच करतं: थेंबाथेंबाने आम्ल टाकायचं, रंग बदलला की थांबायचं, थेंब मोजायचे. केएच डीकेएचमध्ये, म्हणजे अंशांत, मोजतात. नैसर्गिक समुद्रात तो साधारण ७ असतो, टाकीत ७.५ ते ९ मध्ये कुठेही चालतो. पीएच ७.८ ते ८.४ चालतो. पीएचचा आकडा दिसायला फसवा आहे: ८.२ वरून ७.९ म्हणजे पाण्यातले हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, दुप्पट झाले.

आता या दोघांमधला तिसरा गडी, कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळला की पीएच उतरतो, पण केएच तसूभरही बदलत नाही. टाकीतला पीएच ठरतो केएच आणि या वायूच्या प्रमाणावर. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० पीपीएम (दहा लाखांत ४२० भाग) असतो. दारंखिडक्या लावून चार माणसं बसली, गॅस पेटला, की बंद फ्लॅटमध्ये तो सहज १००० च्या पुढे जातो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच हवा फिरवतो. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एसीच्या खोलीत आणि पावसाळ्यात खिडक्या लागल्यावर पीएच घसरतो. टोरंटोच्या थंडीत हीटर लावलेल्या घरातही तेच. खोलीतला वायू दुप्पट झाला की पीएच जवळजवळ ०.३ ने उतरतो. हा खड्डा पुडीने भरायचा तर केएचही दुप्पट करावा लागेल, म्हणजे ८ चा १६. १६ वर प्रवाळ कुणी ठेवत नाही.

रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं, आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो. म्हणून दिवे लागायच्या आधी पीएच सर्वांत खाली आणि संध्याकाळी सर्वांत वर असतो. ०.२ ते ०.४ चा हा झोका नॉर्मल आहे. सकाळचा ७.९ आणि संध्याकाळचा ८.२ शेजारी ठेवून घाबरू नये.

प्रवाळाला दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या कामाला. दगडी प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. तो बांधताना केएच खर्च होतो: २.८ डीकेएच गेले की सोबत सुमारे २० पीपीएम कॅल्शियमही जातं. त्याच वेळी प्रवाळाला सांगाड्याच्या जागेतून हायड्रोजन आयन बाहेर ढकलावे लागतात. बाहेरच्या पाण्यातच ते जास्त असतील तर ढकलणं महाग पडतं. म्हणून ७.८ वर प्रवाळ मरत नाही, वाढ मंदावते. केएच मात्र एका दिवसात दोन-तीन अंशांनी वरखाली झाला तर नुकसान लगेच दिसतं. आधी केएच स्थिर, मग पीएचची हौस, हा क्रम सोडू नये. (भारतात दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, मालवणच्या समुद्रातून उचललेला तुकडा टाकीत ठेवणं हा गुन्हा आहे. दगडी सांगाडा नसलेल्या, ‘लेदर कोरल’सारख्या मऊ प्रवाळांच्या टाकीत केएच फारसा खर्चच होत नाही.)

पीएच कमी दिसला तर आधी प्रोब, म्हणजे मीटरची पाण्यात बुडणारी कांडी, तपासा. पीएच ७ आणि १० च्या ताज्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने), २५ अंश सेल्सिअसच्या आसपास कॅलिब्रेट करा. उघड्या बाटलीतला १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली येतो, मग प्रोब खोटं बोलतो. रंग बघायच्या किटवर ८.० आणि ८.२ मधला फरक कळत नाही. नंतर टाकीतलं लिटरभर पाणी बाल्कनीत नेऊन एअर स्टोनने (बुडबुडे सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाने) तासभर हवा द्या आणि परत मोजा. पीएच ०.१ हून जास्त चढला तर पाण्यात वायू साठलाय. तोच प्रयोग खोलीत करा: तिथेही चढला तर टाकीतच हवा कमी मिसळतेय, खोलीत चढला नाही तर दोष खोलीच्या हवेचा. बाल्कनीतही चढला नाही तर केएच मोजा.

दोष हवेचा असेल तर स्किमरची (पाण्यात हवा घुसळून फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर न्या किंवा त्या नळीवर सोडा लाइमचा स्क्रबर (कार्बन डायऑक्साइड शोषणारी गाळणी) लावा. संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) कीटोमॉर्फा शेवाळ ठेवून त्याचा दिवा रात्री लावला तर रात्रीची घसरण कमी होते.

केएच खरोखर कमी असेल तेव्हाच पूड. १०० लिटर पाण्यात केएच १ अंशाने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा किंवा १.९ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट लागतं. दोन्ही केएच सारखाच वाढवतात, पण खाण्याच्या सोड्याने पीएच लगेच किंचित उतरतो, कार्बोनेटने चढतो. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा वापरू नका. त्यात स्फटिकजल असतं, भेसळही असू शकते. बेकिंग पावडर तर नकोच, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतं. दिवसाला १ अंशापेक्षा जास्त चढवू नका.

केएच आणि पीएच दोन्ही वर नेणारी आणखी एक वस्तू, चुन्याची निवळी. लिटरभर आरओ पाण्यात दीड ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड ढवळा, गाळ बसू द्या, वरचं स्वच्छ पाणी रात्रभर थेंबथेंब सोडा. दिवसभरात जेवढं पाणी उडतं त्याहून जास्त नाही. पानाचा चुना रसायनाने तोच, पण शुद्धतेची खात्री नाही. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) फ्लोट अडकून बादलीभर निवळी एकदम पडली की पीएच ८.६ च्या वर जातो, पाणी दुधाळ होतं आणि हीटर-पंपावर पांढरा थर बसतो. अशा वेळी निवळी बंद करा, हवा वाढवा, आणि पाणी निवळल्यावर केएच मोजा: तो चढलेला नसून उतरलेला सापडण्याची शक्यता जास्त.

उलटी जोडीही ओळखून ठेवा, कारण ती लपून राहते. मीटर चोवीस तास समोर, केएचचं किट कपाटात. दुपारी पीएच ८.२, सगळं छान. आणि केएच ५.५ वर आलेला असतो, कारण प्रवाळ वाढली पण डोस तीन महिन्यांपूर्वीचाच आहे. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी केएच मोजला तर हे पहिल्याच आठवड्यात पकडता येतं.