हिवाळ्यात शेणखत पसरणे : पर्यावरणीय परिणाम

थंड प्रदेशांत जमीन गोठलेली किंवा बर्फाखाली असताना गोठ्यातले खत शेतावर टाकण्याची ही पद्धत. खत तेच, शेतही तेच. पण या दिवसांत खताची मातीशी गाठ पडत नाही. ते कुळवून मातीआड करता येत नाही, मुरत नाही आणि उचलायला शेतात वाढते पीकही नसते.

असे का करतात? मोठी दुभती गाय दिवसाला साधारण ५० ते ६० किलो शेणमूत्र देते. सहा महिन्यांत एका गाईमागे सुमारे १० टन. साठवण टाकी तोकडी असली की ती भर हिवाळ्यात काठोकाठ भरते. शिवाय गोठलेली जमीन अवजड टँकर पेलते. चाकोऱ्या पडत नाहीत, माती दबत नाही. हे कारण खोटे नाही.

नुकसान किती होणार हे जमीन कशी गोठली यावर ठरते. कोरडी माती गोठली तर तिच्यात पोकळ्या उरतात आणि थोडेफार पाणी जिरते. पावसाने चिंब झालेली माती गोठली की तिचा काँक्रीटसारखा थर होतो. बर्फ वितळला किंवा त्यावर पाऊस पडला की पाणी खतासकट उताराने ओढ्यात उतरते. त्यामुळे वर्षभराचे बरेचसे नुकसान एखाद-दुसऱ्या वितळणीतच होऊन जाते. पातळ स्लरी (शेण-मूत्राचा पातळ काला) घन, पेंढायुक्त खतापेक्षा सहज वाहते.

स्फुरदाची (फॉस्फरसची) गोष्ट इथे वेगळी असते. एरवी शेतातून जाणारा बराच स्फुरद मातीच्या कणांना चिकटलेला असतो. हिवाळ्यात शेतावरून वाहून जाणाऱ्या पाण्यात तो मोठ्या प्रमाणात विरघळलेला असतो आणि शेवाळाला थेट मिळतो. ओढ्याकाठचे गवताचे पट्टे गाळ अडवतात, विरघळलेला स्फुरद फारसा नाही, त्यातून गवत सुप्तावस्थेत. परिणाम उन्हाळ्यात तलाव हिरवा झाल्यावर दिसतो. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ईरी सरोवरातल्या शेवाळी विषामुळे ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराचे नळाचे पाणी पिण्यास बंद झाले. त्या सरोवरात स्फुरद येण्याचे हिवाळी खत हे एकच कारण नव्हे, तरी पुढच्याच वर्षी ओहायोने सरोवराच्या पश्चिम खोऱ्यात गोठलेल्या जमिनीवर खत टाकण्यावर निर्बंध आणले.

नत्राबाबत एक गैरसमज आढळतो: थंडीत अमोनिया उडत नाही. उडण्याचा वेग मंदावतो, हे खरे. पण खत आठवडेच्या आठवडे उघडे पडून राहते, म्हणून वाचलेला नत्र हाती लागेलच असे नाही. वितळणीच्या वेळी ओल्या, प्राणवायू कमी असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूचा लोटही सुटतो.

गाईंच्या स्लरीची जैवरासायनिक प्राणवायू मागणी (म्हणजे ती कुजताना पाण्यातला जितका प्राणवायू खाते तो) लिटरला १०,००० ते २०,००० मिलिग्रॅम असते, घरगुती सांडपाण्याची सुमारे ३००. लहान ओढ्यातल्या माशांना प्राणवायूची टंचाई आणि अमोनिया असा दुहेरी फटका बसतो. ई. कोलाय, क्रिप्टोस्पोरिडियम यांसारखे रोगजंतू थंड पाण्यात दीर्घकाळ टिकतात. भेगाळ चुनखडीच्या भागात ते विहिरींपर्यंत पोहोचतात.

युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार संवेदनशील क्षेत्रांत पशुखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलो नत्राची मर्यादा आहे, आणि साठवण क्षमता खत टाकण्यावर बंदी असलेल्या काळाला पुरून उरेल इतकी हवी. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात १५ डिसेंबर ते १ एप्रिल बंदी असते. मात्र तारखेच्या बंदीत एक खोट आहे: मुदत संपताच भरलेल्या टाक्या एकदम रिकाम्या होतात, जमिनीला वाफसा आलेला असो वा नसो. नाइलाजच असेल तर ओढ्यापासून दूरचे, सपाट, पिकाचे अवशेष असलेले शेत निवडावे, मात्रा कमी ठेवावी आणि पाऊस किंवा वितळणीचा अंदाज असताना टँकर बाहेर काढू नये.