तरुण वयातलं ‘वारं’

‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात, स्ट्रोक. तो आपण म्हातारपणाशी जोडून ठेवलंय. म्हणून तिशीतल्या कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, जीभ अडखळली, तर घरचे आधी पित्त, जागरण नाहीतर टेन्शन म्हणतात. कॅज्युअल्टीतही वय पाहून कधीकधी हीच चूक होते.

झटक्याने कोसळलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव असतो, हे स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फर यांनी १६५८ मध्ये शवविच्छेदनातून मांडलं. पण असा झटका मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊनही येतो. जिवंत माणसात रक्तस्राव आहे की गुठळी, हे ओळखायची सोपी सोय पुढची तीनशे वर्षं नव्हती. ती सीटी स्कॅनने आली. ऑक्टोबर १९७१ मध्ये विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यात दिसला.

औषध मात्र हाती नव्हतं. गुठळी आपोआपही विरघळते, हे मुंबईच्या डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्येच अँजिओग्राफीवरून ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. ती वेळेत विरघळवणं अवघड ठरलं. स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या चाचण्या नव्वदच्या दशकात रक्तस्रावामुळे थांबवाव्या लागल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीत टीपीए हे तशाच कामाचं दुसरं औषध लागू पडलं, पण तीन तासांच्या आत दिलं तर. आणि तिथेही मेंदूत त्रासदायक रक्तस्राव ६.४ टक्के रुग्णांना झाला, औषध न दिलेल्यांत ०.६ टक्के. २००८ मध्ये मुदत साडेचार तासांवर गेली. ‘शेवटचे धडधाकट कधी होते?’ हा आजचा पहिला प्रश्न तिथून आलाय. झोपेतून उठताना लक्षणं दिसली, तर घड्याळ रात्री झोपल्यापासून धरतात. मोठी गुठळी रक्तवाहिनीतून तार घालून बाहेर काढण्याचा उपाय २०१५ मध्ये सिद्ध झाला. निवडक रुग्णांत त्याची मुदत २०१८ मध्ये चोवीस तासांपर्यंत वाढली.

तरुणांत कारणं वेगळी शोधावी लागतात: मानेला हिसका बसून धमनीचं अस्तर फाटणं, हृदयातलं जन्मजात छिद्र, संधिवाताच्या तापाने बिघडलेली झडप, १९८३ मध्ये लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी वर्णन केलेला रक्त गोठवणारा अँटिबॉडीचा आजार. पण शोध नंतर. आधी बोटाला टोचून साखर पाहायची, कारण ती फार उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं.

बाळंतिणीची गोष्ट आणखी निराळी. तिची गुठळी बरेचदा मेंदूच्या शिरेत असते, साधा सीटी नॉर्मल येऊ शकतो, शिरांचं चित्र दाखवणारी व्हेनोग्राफी लागते. आणि १९९१ च्या एका छोट्या जर्मन चाचणीपासून अशा रुग्णाला, मेंदूत थोडा रक्तस्राव दिसत असला तरी, हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध देतात.